गाडीच्या एसीत बर्फ का धरतो?



या महिन्यात माळशिरसच्या एका भगिनीच्या पत्राला उत्तर द्यायचे आहे. घरी जुनी सात आसनी गाडी आहे आणि तिच्यावरच घर चालते. पती लग्नाची, दवाखान्याची भाडी करतात. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते, तेही याच गाडीतून. एसी सुरू केला की आधी छान गार हवा येते. अर्ध्या-पाऊण तासाने हवा कमी होत होत जवळजवळ बंद पडते, पंख्याचा आवाज मात्र तसाच चालू राहतो. बॉनेट उघडून पाहिले तर एका जाड नळीवर पांढरा बर्फ दिसतो. एसी थोडा वेळ बंद ठेवला की गाडीखाली भरपूर पाणी गळते आणि पुन्हा गार हवा येऊ लागते. दोन उन्हाळ्यांत तीन वेळा गॅस भरून झाला. भगिनी विचारतात, "गॅस जास्त झाल्यामुळे बर्फ धरतो का? चौथ्यांदा गॅस भरण्याआधी काय पाहावे?"

प्रश्न एका घराचा असला तरी उन्हाळ्यात तो अनेक घरांना पडतो. म्हणून उत्तर जरा सविस्तर देत आहोत.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. बर्फ दिसला की आपल्याला वाटते, एसी फारच जोरात काम करतोय, गारवा जास्त झालाय. खरे उलट आहे. गाडीच्या एसीत बर्फ धरतो तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी कमी पडलेले असते: हवा कमी पडलेली असते, गॅस कमी पडलेला असतो, नाहीतर वेळेवर थांबवणारा पहारेकरी झोपलेला असतो. या तिघांपैकी कोण, एवढे ओळखता आले की निम्मे काम झाले.

एसी काम कसा करतो

वजू करून उठल्यावर ओल्या हातांवर वाऱ्याची झुळूक आली की गार वाटते. पाण्याची वाफ होताना ते हातातली उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार राहते तेही याच कारणाने. गाडीच्या एसीत पाण्याऐवजी गॅस असतो. बहुतेक गाड्यांत तो आर-१३४ए नावाचा असतो. उघड्या हवेत तो शून्याखाली २६ अंशांवरच उकळतो.

कुकरची गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. आत दाब वाढला की पाणी शंभर अंशांच्या वर गेल्यावर उकळते. म्हणजे दाब जितका जास्त, तितका उकळण्याचा अंश वर, आणि दाब जितका कमी, तितका तो खाली. एसीचा सगळा खेळ या एका नियमावर चालतो.

इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो आणि तो तापतो. गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे जी जाळी असते ती कंडेन्सर. तिथे गॅस आपली उष्णता बाहेर टाकतो आणि द्रव होतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो एकदम कमी दाबाच्या भागात येतो. हा भाग म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेली जाळी. गॅरेजवाले तिला कूलिंग कॉइल म्हणतात. इथे गॅस उकळतो आणि उकळताना गाडीतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. ब्लोअर ही गार झालेली हवा आपल्यापर्यंत पोचवतो. हवेतला ओलावा कॉइलवर दंवासारखा जमतो आणि ड्रेनच्या नळीतून गाडीखाली गळतो. म्हणून एसी चालू असताना गाडीखाली पाणी दिसणे हे चांगले लक्षण आहे.

कॉइल गार हवी, पण शून्याच्या वर राहायला हवी. ती शून्याखाली गेली की त्या दंवाचा बर्फ होतो. बर्फाने जाळीची भोके बुजतात, भोके बुजली की हवा कमी जाते, हवा कमी गेली की कॉइलला उष्णता कमी मिळते आणि ती आणखी गार होते. असे हे चक्र चालू राहते आणि पाऊण तासात कॉइलची जागा बर्फाची लादी घेते. पंखा फिरतो, पण हवेला वाट नसते.

गॅस भरल्यावर बरे का वाटते?

पत्रातल्या भगिनींनी हे नीट समजून घ्यावे, कारण तीन वेळा गेलेले पैसे इथेच गेले असण्याची शक्यता आहे. गाडी गॅरेजला जाते, तास-दीड तास उभी राहते. तेवढ्या वेळात कॉइलवरचा बर्फ आपोआप वितळतो. गॅस भरून एसी लावला की गारेगार हवा येते. गाडीमालकाला वाटते, गॅसनेच गुण आला. मेकॅनिकलाही प्रामाणिकपणे तसेच वाटू शकते. पण गुण आला तो गाडी उभी राहिल्याने. मूळ दोष तसाच राहतो आणि पुढच्या लांबच्या प्रवासात पुन्हा डोके वर काढतो.

गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो खर्च होत नाही, बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. बरीच वर्षे गेल्यावर रबरी नळ्या आणि सांध्यांतून थोडा झिरपतो, हे खरे. पण दोन उन्हाळ्यांत तीन वेळा भरावा लागत असेल तर दोनच शक्यता राहतात: एकतर कुठेतरी गळती आहे, नाहीतर दोष गॅसचा नव्हताच. दोन्ही बाबतींत नुसता गॅस भरणे हा इलाज नाही.

घरच्या घरी पहिली परीक्षा

पुढच्या वेळी हवा कमी झाली की फक्त एसीचे बटण बंद करा. ब्लोअर पूर्ण वेगात ठेवा आणि हवा बाहेरून घेण्याच्या खुणेवर कळ सरकवा. दहा-पंधरा मिनिटे गाडी तशीच चालू द्या.

हवेचा जोर हळूहळू परत आला, तर आत बर्फच होता. जोर परत आलाच नाही, तर बर्फाचा संबंध नाही. तेव्हा ब्लोअर किंवा फिल्टर पाहावा.

आणखी दोन खुणा ध्यानात ठेवा. हवेचा जोर तितकाच आहे पण ती गरम येऊ लागली, तर कॉइलवर बर्फ नाही, दोष दुसरीकडे आहे. गाडी पळताना हवा गार आणि सिग्नलला किंवा रेल्वे फाटकापाशी उभी राहिली की गरम, असे होत असेल तर कंडेन्सरचा पंखा बंद आहे किंवा कंडेन्सर घाणीने भरला आहे.

पहिला संशयित: हवा

माळशिरस तालुक्यात संशयाची सुई आधी इथेच जायला हवी. नातेपुते, माळशिरस, वेळापूर या गावांवरून जाणाऱ्या पालखी मार्गाच्या रुंदीकरणात उडालेली माती सर्वांनी पाहिली आहे. अकलूज, माळीनगर, सदाशिवनगर हा साखर कारखान्यांचा पट्टा. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी चालवली की पाचटाचा भुगा आणि धूळ गाडीत येतेच. शेताच्या कच्च्या रस्त्याने गेलो तर विचारायलाच नको. ही सगळी धूळ केबिन फिल्टरवर बसते. गॅरेजमध्ये त्याला एसी फिल्टर म्हणतात.

बहुतेक गाड्यांत हा फिल्टर डाव्या सीटसमोरच्या डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. कप्पा सोडवला की पाच मिनिटांत हाती येतो. उजेडासमोर धरा. आरपार काही दिसत नसेल तर बदला. किंमत गाडीप्रमाणे बदलते, पण एकदा गॅस भरण्याच्या खर्चापेक्षा ती पुष्कळ कमी असते. खात्रीसाठी फिल्टर काढून ब्लोअर क्षणभर लावून पाहा. हवेचा जोर एकदम वाढला तर चोर सापडला. मात्र फिल्टर न लावता गाडी वापरू नका, नाहीतर तीच धूळ ओल्या कॉइलवर चिखलासारखी बसेल आणि मग डॅशबोर्ड उघडण्याचा मोठा खर्च येईल. काही जुन्या गाड्यांत फिल्टरची जागा असते, फिल्टर मात्र बसवलेलाच नसतो. अशा गाडीत कॉइल आतून घाण झालेली असण्याचा संभव जास्त. ती एकदा साफ करून घ्यावी आणि नवा फिल्टर बसवावा.

वापरण्याची सवयही तपासा. तापमान सगळ्यात कमी आणि ब्लोअर एक नंबरवर, असे तासन्‌तास ठेवले तर कॉइलवरून हवा कमी जाते आणि बर्फ धरायला निमित्त मिळते. कोकणात किंवा मुंबईला उतरलात, किंवा पावसाळ्यात प्रवास असला, तर हवेत ओलावा जास्त असतो आणि हे लवकर घडते. ब्लोअर दोन-तीन नंबरवर ठेवा आणि गारवा जास्त वाटला तर तापमानाची कळ थोडी वर घ्या.

दुसरा संशयित: पहारेकरी

कॉइलला एक छोटा सेन्सर चिकटवलेला असतो. कॉइल शून्याच्या जवळ आली की तो कॉम्प्रेसर थांबवायला सांगतो आणि थोडी तापली की पुन्हा सुरू करायला. जुन्या पद्धतीच्या गाडीत इंजिन चालू असताना बॉनेटजवळ उभे राहिले तर 'टक्' असा आवाज करून कॉम्प्रेसरचा क्लच लागताना आणि सुटताना ऐकू येतो. हवा बंद पडण्याच्या वेळीही क्लच सुटतच नसेल, तर सेन्सर बिघडला आहे, जागेवरून निसटला आहे किंवा रिले चिकटला आहे. कॉइल साफ करताना सेन्सर काढून चुकीच्या जागी खोचला गेला, असेही होते. म्हणून साफसफाईनंतर तक्रार सुरू झाली असेल तर ती गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांगा. काही नव्या गाड्यांत कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतल्या आत कमी-जास्त दाबतो. तिथे 'टक्' ऐकू येणार नाही, संगणक लावूनच तपासावे लागते.

तिसरा संशयित: कमी गॅस

इथे कुकरचा नियम पुन्हा आठवा. कॉइलमध्ये दाब साधारण २८ पीएसआय असतो तेव्हा आर-१३४ए शून्य अंशाच्या आसपास उकळतो. गळतीने गॅस कमी झाला की हा दाब उतरतो आणि उकळण्याचा अंश शून्याखाली जातो. मग व्हॉल्व्हजवळचा कॉइलचा भाग आधी गोठतो आणि तिथून बर्फ पसरतो. म्हणजे बर्फ गॅस जास्त झाल्याचा नव्हे, कमी झाल्याचा पुरावा असू शकतो. गॅस फारच कमी झाला तर बर्फही धरत नाही, कारण दाबाचा स्विच कॉम्प्रेसर सुरूच होऊ देत नाही.

जाड नळीला घाम येणे ही नेहमीची गोष्ट आहे. तिच्यावर पांढरा बर्फ साचणे मात्र बरे नाही. गॅससोबत थोडे तेलही फिरत असते. त्यामुळे एखाद्या सांध्यावर तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर गळती बहुधा तिथेच आहे.

चौथी गोष्ट: नळ्यांतला ओलावा

हवेचा जोर कायम, पण मध्येच हवा गरम होते, गाडी थांबवून ठेवली की पुन्हा गार येते, असे असेल तर बर्फ कॉइलच्या बाहेर नसून नळीच्या आत, व्हॉल्व्हच्या छिद्रापाशी धरत असण्याची शक्यता आहे. नळ्या उघडून काम केल्यावर व्हॅक्यूम नीट केला नाही किंवा ओलावा शोषणारा ड्रायर बदलला नाही, तर पाण्याचा अंश आत राहतो आणि तोच गोठतो.

गॅरेजमध्ये काय विचारावे

फिल्टर आणि सेन्सर पाहून झाल्यावरही दोष राहिला, तर गॅसकडे वळा. भांडायला जाऊ नका, समजून घ्यायला जा. पण चार प्रश्न जरूर विचारा.

१. भरण्याआधी आतून किती गॅस निघाला? किती भरायचा हा आकडा बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या चिठ्ठीवर ग्रॅममध्ये लिहिलेला असतो. लहान गाडीत तो जेमतेम अर्धा किलोच्या आसपास असतो, मागे वेगळी कॉइल असलेल्या मोठ्या गाडीत जास्त. नुसते गेज पाहून अंदाजाने भरण्यापेक्षा वजनाने भरणे केव्हाही चांगले.

२. गळती कुठे आहे? नायट्रोजन भरून, साबणाच्या फेसाने किंवा रंगीत द्रव घालून ती शोधता येते. "गॅस कमी होता" हे उत्तर पुरेसे नाही. का कमी होता, हे कळले पाहिजे.

३. व्हॅक्यूम किती वेळ करणार? किमान अर्धा तास पंप चालवून, नंतर सुई तशीच टिकते का हे पाहायला हवे.

४. बदललेला जुना भाग दाखवाल का?

स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाच्या गॅससारखा ज्वलनशील वायू एसीत भरून घेऊ नका. त्याची गळती डॅशबोर्डच्या आत झाली तर गाडीतल्या माणसांच्या जिवावर बेतेल. गॅसची नळी स्वतःही सोडू नका. उडालेला गॅस डोळ्याला किंवा कातडीला लागला तर तिथले मांस गोठते.

हा गॅस हवेत सोडून देणे हाही साधा अपराध नाही. पूर्वी गाड्यांत आर-१२ असे. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगाने तो हळूहळू बंद केला आणि आर-१३४ए आला. हा ओझोनला धक्का लावत नाही, पण वजनाला वजन धरले तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता अडवतो. दर उन्हाळ्यात गळक्या नळीत भरलेला गॅस शेवटी वातावरणातच जातो. पैसा आपला जातो आणि झळ सगळ्यांना बसते. याला इस्राफ म्हणायचे नाही तर कशाला?

रुग्ण सोबत असेल तर

दोष निघेपर्यंत डायलिसिसच्या फेऱ्या थांबणार नाहीत. मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा म्हाताऱ्या माणसाला बंद पडलेल्या एसीत बसवणे धोक्याचे असते. शक्य असेल तर फजरची नमाज अदा करून लगेच निघावे, ऊन चढण्याआधी पोचावे. दवाखान्याची वेळ सकाळची मागून पाहावी. वाटेत हवा कमी झाली तर वर सांगितल्याप्रमाणे एसीचे बटण दहा-पंधरा मिनिटे बंद ठेवावे, काचा थोड्या उघडाव्यात, मग पुन्हा सुरू करावा. लांबच्या वाटेवर दर अर्ध्या तासाने असे केले तर बर्फाची लादी व्हायला वेळच मिळत नाही. हा इलाज नव्हे, पण आजची फेरी निभावते. ओला रुमाल मानेवर ठेवायला द्यावा. डायलिसिसच्या रुग्णाला पाणी मात्र डॉक्टरांनी ठरवून दिले असेल तेवढेच द्यावे, उन्हाळा आहे म्हणून मनाने वाढवू नये.

उन्हात उभ्या गाडीत बसण्याआधी चारही दारे मिनिटभर उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या. मुलांना किंवा वृद्धांना बंद गाडीत एकटे ठेवून "दोन मिनिटांत येतो" म्हणत दुकानात जाऊ नका. बंद गाडीतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी चढते. आणि एसी चालू ठेवून गेलात तरी तो कधी बंद पडेल याचा भरवसा नाही.

गॅरेजवाल्या तरुणांसाठी दोन शब्द

आपल्या समाजातले कितीतरी तरुण गॅरेजच्या धंद्यात आहेत आणि हातात हुनर घेऊन इमानदारीने घर चालवत आहेत. त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत. वजन-मापात खोट करणाऱ्यांना कुरआनने कडक इशारा दिला आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या भांड्यात दूध मोजून देणे. माप पूर्ण असले तरी गिऱ्हाइकाच्या घरी काही पोचत नाही. "आधी फिल्टर बदलून पाहा, गॅसची गरज बहुधा लागणार नाही," असे सांगणाऱ्या मेकॅनिकचे त्या दिवशी हजार-दोन हजार बुडतील, पण ते घर त्याला पिढ्यान्‌पिढ्या विसरणार नाही. दहावीनंतर या कामाचे रीतसर शिक्षण घ्यायचे असेल तर आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. नुसत्या अंदाजावर काम करणाऱ्यापेक्षा गेज, वजनकाटा आणि त्यामागचे कारण समजणारा कारागीर पुढे जातो.

थोडक्यात, क्रम असा ठेवा: आधी फिल्टर आणि हवा, मग सेन्सर, मग गळती आणि सगळ्यात शेवटी गॅस. दर सहा महिन्यांनी फिल्टर पाहा. उसाच्या हंगामानंतर आणि उन्हाळा लागण्याआधी तर नक्कीच. थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवा, म्हणजे आतले तेल फिरते आणि सील सुकत नाहीत. मुक्कामाला पोचण्याआधी दोन मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, म्हणजे कॉइल सुकेल आणि कुबट वास येणार नाही.

अल्लाह तआला आपल्या घरातल्या आजारी माणसांना शिफा देवो आणि सर्वांचा प्रवास सुखरूप करो, आमीन.